शर्टाच्या शेवटच्या बटणापासून: हालचालींत मागे राहिलेल्या मुलांसाठी व्यवसायोपचार

‘व्यवसायोपचार’ हा शब्द ऐकला की पालक गोंधळतात. चार वर्षांच्या पोराचा कसला आलाय व्यवसाय? म्हणून बोलताना आम्ही सगळे सरळ ‘ओटी’ म्हणतो. पण शब्दात दम आहे. यातला व्यवसाय म्हणजे नोकरीधंदा नव्हे, माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ती कामं. मुलाची कामं कोणती? जेवणं, कपडे घालणं, दात घासणं, खेळणं, चित्र काढणं, पुढे शाळेत लिहिणं. ही कामं हालचालींमुळे अडत असतील तर ती जमवून आणणं, एवढाच या उपचाराचा विषय आहे.

हे आधीच सांगते, कारण बहुतेक पालक माझ्याकडे ‘हाताचे व्यायाम सांगा’ म्हणत येतात. मणी ओवणं, मातीचे गोळे मळणं, कपड्यांचे चिमटे दाबणं असं सहा महिने घरी मनापासून केलेलं असतं. मूल मणी ओवण्यात पटाईत होतं आणि शर्टाची बटणं मात्र आईच लावत असते. यात नवल नाही. मेंदू ज्या कामाचा सराव करतो तेच काम शिकतो. मण्यांचा सराव मण्यांच्या कामी येतो, बटणांपर्यंत त्यातलं फार थोडं पोचतं. तेव्हा बटण शिकवायचं तर बटणच हातात द्यायचं. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

उशीर झालाय हे कशावरून ठरवायचं

शेजारच्या मुलावरून नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली निरोगी बाळांच्या हालचालींचे टप्पे प्रसिद्ध केले. प्रत्येक टप्प्याला त्यांनी एक तारीख दिली नाही, एक मोठी मुदत दिली. आधाराशिवाय बसणं ३.८ ते ९.२ महिने, गुडघ्यांवर रांगणं ५.२ ते १३.५ महिने, एकट्याने चालणं ८.२ ते १७.६ महिने. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं आणि सतराव्या महिन्यात चालणारं, दोन्ही बाळं ठीक असू शकतात. त्याच पाहणीत सुमारे ४ टक्के बाळं गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट पुढच्या टप्प्यावर गेली. ‘रांगलं नाही म्हणून अक्षर वाईट’ असं कोणी ठासून सांगितलं तर हा आकडा आठवा.

दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाचं वय मोजताना जितके आठवडे लवकर जन्म झाला तितके वजा करायचे. ३२व्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आज दहा महिन्यांचं असेल, तर हालचालींच्या हिशेबात ते साधारण आठ महिन्यांचं. ही वजाबाकी दोन वर्षांचं होईपर्यंत करतात.

हाताच्या कौशल्यांनाही असाच क्रम असतो. सहा महिन्यांच्या आसपास बाळ वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात घेऊ लागतं. वर्षाच्या सुमाराला अंगठा आणि तर्जनीच्या टोकांची नीट चिमूट जमते आणि धरलेली वस्तू ठरवून सोडता येते. हे सोडणं धरण्यापेक्षा अवघड असतं, पण त्याकडे कोणी लक्ष देत नाही. दोन वर्षांच्या आगेमागे उभी रेघ, तीनला गोल, चारला अधिकचं चिन्ह, पाचच्या आत-बाहेर चौकोन. तिरक्या रेघा सगळ्यांत उशिरा येतात, त्यामुळे त्रिकोण चौकोनाच्याही नंतर जमतो.

काही खुणा मात्र वाट पाहण्याच्या नाहीत. चौथा महिना उलटूनही मुठी सतत घट्ट मिटलेल्या. नऊ महिन्यांनंतरही आधाराशिवाय बसता न येणं. दीड वर्षापर्यंत स्वतंत्र न चालणं. पहिल्या वाढदिवसाआधीच एकच हात पुढे करणं. घरचे कौतुकाने म्हणतात, ‘बघा, डावखुरा होणार!’ पण इतक्या लहान वयात हाताची पसंती ठरत नाही, आणि दुसरा हात मागे राहत असेल तर तो का राहतो हे पाहावं लागतं. शरीर फार सैल किंवा फार ताठ लागणं, सतत चवड्यांवरच चालणं, जमिनीवरून उठताना स्वतःच्या मांड्यांवर हात टेकत टेकत वर चढल्यासारखं उठणं, याही अशाच खुणा. यातली शेवटची खूण स्नायूंच्या आजाराची असू शकते, विशेषतः मुलग्यांत, आणि तिचा पहिला माग एका साध्या रक्ततपासणीत लागतो. सर्वांत गंभीर खूण म्हणजे आधी येत असलेली गोष्ट मूल विसरू लागणं. अशा वेळी ओटीची तारीख मिळायची वाट पाहू नका, त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना गाठा.

खुणा एवढ्या ठळक नसल्या तरी थेरपीआधी एकदा डॉक्टरी तपासणी, डोळे आणि कान तपासून घेणं शहाणपणाचं. ज्याला नीट दिसत नाही ते मूल बटणाचं काज चुकवणारच.

बाळ अजून सरकत नसेल तर घरी आजपासून करता येण्याजोगी गोष्ट एकच: जागेपणी, तुमच्या नजरेसमोर पालथं ठेवणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९च्या मार्गदर्शनानुसार दिवसभरात मिळून किमान ३० मिनिटं. एका दमात नकोत, दोन-तीन मिनिटांचे तुकडे करा. सुरुवातीला तुमच्या छातीवर पालथं घेतलं तरी ते धरायचं. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच. आणि चाकांचा वॉकर घरात असेल तर काढून टाका. त्याने चालणं लवकर येत नाही, अपघात तेवढे होतात. कॅनडाने तर २००४ साली त्याच्या विक्रीवरच बंदी घातली.

पहिल्या भेटीला जाताना

तीन व्हिडिओ काढून न्या, प्रत्येकी एक-दोन मिनिटांचे: मूल जेवतानाचा, कपडे घालतानाचा आणि आवडीचं खेळतानाचा. मदत करू नका, ओरडू नका, नुसतं चित्रण करा. अनोळखी खोलीत मूल अर्धंही दाखवत नाही, हे आम्हाला ठाऊक असतं. त्या तीन व्हिडिओंतून जे कळतं ते कधीकधी तासाभराच्या चाचणीतून कळत नाही.

थेरपिस्ट काही प्रमाणित चाचण्या घेतील. पीबॉडी, मूव्हमेंट एबीसी अशी नावं अहवालात दिसतील. त्यांचे गुण मूल समवयस्कांच्या तुलनेत कुठे आहे ते सांगतात. काय शिकवायचं ते सांगत नाहीत. म्हणून अहवाल हातात आल्यावर दोन प्रश्न विचारा: ‘हे घरी कुठल्या कामात अडतंय?’ आणि ‘आपण आधी कोणतं काम घेणार?’ उत्तरादाखल नुसतं ‘फाइन मोटर (हाताबोटांच्या बारीक हालचाली) वाढवू’ एवढंच आलं, तर पुन्हा विचारा. यात उद्धटपणा काहीच नाही.

मूल पाचच्या पुढचं असेल, बुद्धीने ठीक असेल, नसांचा किंवा स्नायूंचा आजार सापडत नसेल आणि तरीही रोजच्या हालचाली वेंधळ्या असतील, तर डीसीडी म्हणजे विकासात्मक समन्वय विकाराचा विचार होतो. शाळकरी मुलांत त्याचं प्रमाण साधारण ५ ते ६ टक्के मानतात. ‘आळशी’, ‘धांदरट’, ‘लक्षच नसतं’ ही बिरुदं यातल्या बऱ्याच मुलांना आधीच लागलेली असतात. पाच वर्षांच्या आत हे निदान सहसा करत नाहीत, कारण लहान वयात वेग फार कमीजास्त होतो. पण निदान नाही म्हणून मदत सुरू करू नये, असं मुळीच नाही.

ध्येय एका वाक्यात मावलं पाहिजे

इथे सावकाश जा, कारण थेरपी बहुतेकदा इथेच वाया जाते.

आठवडाभर एक कागद स्वयंपाकघरात लावून ठेवा. मूल कुठे अडलं, चिडलं, तुम्ही कुठे घाईने मध्ये पडलात, ते दोन शब्दांत लिहा. आठवड्यानंतर यादीतली तीन कामं निवडा. मूल बोलतं असेल तर त्याला विचारा. ते हमखास वेगळंच सांगतं. आईला अक्षर सुधारायचं असतं, मुलाला चेंडू झेलायचा असतो, कारण झेलता येत नाही म्हणून कोणी खेळायला घेत नाही. अशा वेळी मी चेंडू आधी घेते. ज्याला स्वतःला काही हवंय त्या मुलाच्या सरावाला वेगळीच धार असते.

मग प्रत्येक कामाला दोन वेगवेगळे गुण द्या, दोन्ही दहापैकी: आत्ता ते किती जमतं, आणि त्यावर तुम्ही किती समाधानी आहात. ही पद्धत १९९१ साली कॅनडात तयार झालेल्या एका मोजमापातून आली आहे आणि जगभर वापरली जाते. काही आठवड्यांनी पुन्हा गुण दिले आणि दोन किंवा जास्त गुणांचा फरक पडला, तर तो खरा फरक धरतात.

आता वाक्य लिहा. ‘हाताची पकड सुधारणं’ हे ध्येय नाही. ‘आठ आठवड्यांत शर्टाची खालची तीन बटणं कोणी हात न लावता लावणं’ हे ध्येय. ते साधलं की नाही यावर घरात दोन मतं होऊ शकत नाहीत, हीच त्याची परीक्षा.

मदत न करता बघत बसा

काम ठरलं की त्याचे तुकडे पाडायचे. बटण लावणं म्हणजे काय? काज शोधणं, एका हाताने काजाची कड ताणून धरणं, दुसऱ्या हाताच्या चिमटीत बटण उभं पकडणं, ते काजात ढकलणं, मग हातांची अदलाबदल करून पलीकडून खेचून घेणं. पाच तुकडे झाले. मूल यातल्या कुठल्या तुकड्यावर थांबतं ते पाहा. बहुतेक मुलांना बटण धरता येतं, घोडं अडतं ते अदलाबदलीच्या क्षणी, दोन्ही हातांना एकाच वेळी वेगवेगळं काम असतं तिथे. अशा मुलाला चिमटे दाबायला लावून काय होणार?

अडण्याची कारणं तीन ठिकाणी शोधा: मुलात, कामात आणि आजूबाजूला. मुलात म्हणजे ताकद, तोल, नजर, क्रम लक्षात ठेवणं. कामात म्हणजे बटण फार लहान, काज फार घट्ट. आजूबाजूला म्हणजे शाळेची गाडी पाच मिनिटांत येणार आणि बाबा दारात उभे. यातलं तिसरं कारण सर्वांत लवकर बदलता येतं आणि सर्वांत कमी बदललं जातं. नवं कौशल्य सकाळच्या घाईत शिकवू नका. सुट्टीच्या दिवशी किंवा संध्याकाळी कपडे बदलताना शिकवा.

आधी बैठक

पाय लोंबकळत असलेलं मूल हाताने बारीक काम करू शकत नाही. त्याची निम्मी शक्ती खुर्चीवरून न घसरण्यात जाते. पावलं पूर्ण टेकलेली हवीत. टेकत नसतील तर खाली पक्का डबा किंवा पाट ठेवा. गुडघे आणि कंबर साधारण काटकोनात. टेबलाची उंची कोपर वाकवल्यावर कोपराच्या जरा वर यावी. खुर्ची खोल असेल तर पाठीमागे घट्ट उशी. एवढ्याने चमचा कमी सांडतो आणि तेही त्याच दिवशी, हे मी अनेकदा पाहिलंय.

कपडे घालताना ज्याचा तोल जातो त्याला जमिनीवर, भिंतीला पाठ टेकवून बसवा. उभ्याने पँट घालणं म्हणजे एका पायावर उभं राहणं हे आपण मोठे विसरून गेलेलो असतो.

उलट्या क्रमाने शिकवा

कामाचे तुकडे पाडले की पालक साहजिकच पहिल्यापासून सुरू करतात. पहिला तुकडा मूल करतं, मग अडतं, मग आई पूर्ण करते. मुलाच्या वाट्याला रोज अडणं येतं आणि शेवटाचा आनंद आईला. हे उलटं करा. शेवटचा तुकडा मुलाचा, आधीचे सगळे तुमचे.

पँटचं उदाहरण घ्या. पहिल्या आठवड्यात तुम्ही पँट कमरेच्या जरा खालपर्यंत वर आणा, शेवटचं चार बोटांचं अंतर त्याने ओढावं. ‘घातली!’ हे त्याने म्हणायचं. ते सहज होऊ लागलं की मांड्यांपर्यंत आणून सोडा. मग गुडघ्यांपर्यंत. मग दोन्ही पाय घालून घोट्यांपाशी. पाय घालणं सर्वांत शेवटी. इलास्टिकची सैल पँट आधी, चेनची नंतर. टीशर्टमध्येही तेच: डोकं आणि हात तुम्ही घाला, पोटावरून खाली ओढणं त्याचं. मागची-पुढची बाजू ओळखायला आत मागच्या बाजूला रंगीत दोऱ्याचा टाका घाला.

बटणांत सुरुवात खालच्या बटणापासून, कारण ते दिसतं. गळ्याजवळचं बटण नजरेआड असतं, ते सगळ्यांत अवघड. तुम्ही बटण काजातून अर्धं बाहेर काढून ठेवा, त्याने फक्त खेचून घ्यावं. जाड, सपाट, मोठं बटण निवडा आणि ते कापडापासून जरा सुटं राहील असं ढिलं शिवा.

चमच्याचं जरा वेगळं. चमचा तोंडाशी नेऊन शेवटचं अंतर त्याच्यावर सोडायचं, मग हळूहळू तुमचा हात ताटलीच्या दिशेने मागे न्यायचा. चमच्याला चिकटून राहील असं घट्टसर खाणं आधी, पातळ सगळ्यांत शेवटी. वाटी उभ्या कडेची घ्या, खाली ओलं फडकं घाला म्हणजे सरकणार नाही. चमच्याची दांडी बारीक असेल तर तिच्यावर कापड गुंडाळून जाड करा. मदत करायची तर समोरून नको, मागे बसून करा, म्हणजे तुमच्या हाताची दिशा आणि त्याच्या हाताची दिशा एकच राहते. मूल गिळताना वारंवार ठसकत असेल किंवा खाताना आवाज घरघरता होत असेल, तर आधी गिळण्याची तपासणी करून घ्या, चमचा नंतर.

मदतीचीही उतरंड असते. हातावर हात धरून करवणं ही सर्वांत मोठी मदत. मग मनगटाला धरणं, मग कोपराला नुसता स्पर्श, मग बोट दाखवणं, मग एक शब्द, मग गप्प राहणं. दर दोन-चार दिवसांनी एक पायरी खाली उतरायची. आणि काही सांगितल्यावर मनात दहापर्यंत मोजा. या मुलांना हालचालीची जुळवाजुळव करायला वेळ लागतो. आपण तिसऱ्या सेकंदाला मध्ये पडतो आणि मग म्हणतो, ‘त्याला येतच नाही.’

एक बाजू कमजोर असेल तर

कपडे घालताना कमजोर हात आधी, काढताना कमजोर हात शेवटी. ही एक ओळ पाठ केली तरी रोजची निम्मी ओढाताण वाचते.

दुसऱ्या हाताला काम लागेल असे प्रसंग मुद्दाम आणा: बरणीचं झाकण उघडणं, मोठा चेंडू उचलणं, कागद फाडणं. कमजोर हाताने मुख्य काम करायलाच हवं असा हट्ट नको, ‘धरून ठेवणारा हात’ हीसुद्धा मोठी कामगिरी आहे. चांगल्या हाताला काही काळ हातमोजा किंवा पट्टी घालून दुसऱ्याकडून काम करवून घेण्याची पद्धत आहे आणि तिला संशोधनाचा भक्कम आधारही आहे. पण ती किती तास, किती दिवस, कोणत्या खेळांतून, हे थेरपिस्टने आखायचं असतं. घरी स्वतःच्या मनाने चांगला हात बांधून ठेवलात तर मूल दोन्ही हातांवर रुसेल.

लिहिणं

तक्रारी इथेच सर्वांत जास्त येतात, आणि गैरसमजही.

आधी पेन्सिलीची पकड. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट अशी तीन बोटांची पकड सुंदर दिसते, पण ती एकमेव नाही. मुलं चार बोटांनीही धरतात, अंगठा आडवा टाकूनही धरतात. चौथीच्या वयाच्या मुलांवर झालेल्या अभ्यासांत या प्रचलित चार पकडींमध्ये अक्षराच्या वाचनीयतेत किंवा वेगात फरक दिसला नाही. तेव्हा हात दुखत नसेल, बोटं हलत असतील आणि अक्षर वाचता येत असेल, तर पकडीमागे लागू नका. पूर्ण मुठीत पेन्सिल धरणारं साडेचार-पाच वर्षांचं मूल असेल तर जरूर पाहावं. त्याला दोन-तीन सेंटिमीटरचे तुटके खडू द्या. एवढ्याशा तुकड्याला मुठीत धरायला जागाच नसते, बोटं आपोआप पुढे येतात. भिंतीवर कागद चिकटवून उभ्याने रेखाटायला लावलं तर मनगट मागे झुकतं आणि पकड सुधारते.

कागद सरळ ठेवायची सक्तीही सोडा. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने कागदाचा वरचा भाग थोडा डावीकडे झुकवावा, डावखुऱ्याने उजवीकडे. डावखुऱ्याने पेन्सिल टोकापासून जरा वर धरावी म्हणजे लिहिलेलं दिसतं आणि हाताने पुसलं जात नाही. वर्गात डावखुऱ्याला बाकाच्या डाव्या टोकाला बसवा, नाहीतर शेजाऱ्याचं कोपर आणि याचं कोपर दिवसभर भांडतात.

अक्षरं वर्णमालेच्या क्रमाने शिकवू नका. जुन्या शिक्षकांची ‘ग म भ न’ची युक्ती हात अडखळणाऱ्या मुलांसाठी अजूनही उत्तम आहे: हाताची हालचाल सारखी असलेली अक्षरं एकत्र. व, ब, क एक कुटुंब, प, ष, फ दुसरं, ट, ठ, ढ तिसरं. एक कुटुंब पक्कं झाल्याशिवाय दुसरं घेऊ नका. काना आणि शिरोरेषा म्हणजे शेवटी उभी आणि आडवी रेघच. त्या कागदावर मोठ्या, मग मधल्या, मग ओळीत बसवा. आधी तुम्ही काढून दाखवा, मग त्याने बघून काढावं, मग कागद झाकून आठवणीने. रोज पाच अक्षरं लिहून झाली की त्यातलं सर्वांत चांगलं कोणतं ते मुलाने स्वतः गोल करावं. ही छोटी गोष्ट फार काम करते, कारण चांगलं अक्षर कसं दिसतं हे त्याच्या डोळ्यांनी ठरवावं लागतं.

प्रमाणाबद्दल एक ठोस गोष्ट सांगता येते. लेखन-उपचारांवरच्या प्रयोगांचा २०११ साली एक एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यात ज्या उपचारांत प्रत्यक्ष लिहिण्याचा सराव नव्हता ते फोल ठरले, आणि ज्यांत सरावाची सत्रं वीसपेक्षा कमी होती तेही फोल ठरले. म्हणजे बोटांच्या व्यायामाने अक्षर सुधारत नाही आणि पाच-सहा वेळा लिहूनही नाही.

सगळं करूनही वेग येत नसेल, तर दहा-अकराच्या वयात टंकलेखन शिकवा. ही हार मानणं नव्हे. लिहिताना सगळं लक्ष अक्षर काढण्यात गेलं तर विचार कुठे करायचा?

मोठ्या मुलाला आखू द्या

सहा-सात वर्षांपुढे, बोलत्या मुलासाठी, कॅनडातल्या हेलेन पोलाटायको आणि अँजेला मँडिच यांनी विकसित केलेली एक पद्धत फार उपयोगी आहे. चार शब्द आहेत: ध्येय, बेत, कृती, तपासणी. यात मोठ्यांनी उत्तर द्यायचं नसतं.

समजा मुलीला बुटाची लेस बांधायची आहे. ‘काय करायचंय?’ ‘लेस बांधायची.’ ‘कशी बांधशील?’ ती सांगते, ती करून बघते, गाठ सुटते. आपली जीभ शिवशिवते, पण गप्प राहायचं. ‘झालं का तुझ्या मनासारखं? कुठे सुटलं?’ ती म्हणते, ‘फास सैल पडला.’ ‘मग आता काय करून बघशील?’ ‘बोटाने दाबून धरते.’ हा शोध तिचा स्वतःचा असतो, म्हणून दुसऱ्या दिवशीही टिकतो आणि पिशवीची नाडी बांधतानाही आठवतो. सोय म्हणून दोन रंगांच्या दोन लेसा एकत्र शिवून घ्या, कोणती कुठून गेली ते दिसतं. बूट आधी मांडीवर किंवा टेबलावर, मग पायात.

सायकल, दोरीउड्या, झेलाझेली यांनाही हेच लागू पडतं. झेलायला चेंडूऐवजी आधी फुगा, मग मोठा हलका चेंडू, मग लहान. फुगा हळू येतो, तेवढा वेळ या मुलांना हवा असतो.

घरी किती करायचं

रोज तासभर नको. ऑस्ट्रेलियातल्या इओना नोवाक आणि सहकाऱ्यांनी सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचाली अडणं) असलेल्या मुलांच्या घरगुती ओटीवर २००९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. आठ आठवडे घरी कार्यक्रम करणाऱ्या मुलांची रोजची कामं, कार्यक्रम न केलेल्यांपेक्षा स्पष्टपणे सुधारली. पालकांनी प्रत्यक्षात किती केलं होतं? महिन्याला सरासरी १७.५ वेळा, दर वेळी सुमारे १६.५ मिनिटं. म्हणजे दिवसाआड पाव तास. एखादा आठवडा बुडाला म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या आयांना मी हा आकडा लिहून देते.

पाव तास मिळत नसेल तर वेगळा काढूही नका. दात घासणं, पँट ओढणं, भांडी जाग्यावर ठेवणं हे तसंही रोज घडतंच, त्यातच सराव घुसवा. एका वेळी एकच काम. आजीआजोबा, सांभाळणारी बाई, बाबा, सगळ्यांनी तोच तुकडा मुलासाठी सोडायचा. सगळ्यांत जास्त बिघाड प्रेमळ आजीकडून होतो. तिला थेरपीच्या भेटीला सोबत घेऊन जा. तिने एकदा डोळ्यांनी पाहिलं की तीच सर्वांत कडक शिक्षिका होते.

कशावर खर्च आणि वेळ घालवू नये

ज्यात मूल आडवं पडलेलं असतं आणि सगळी मेहनत थेरपिस्टची असते, त्या उपचाराबद्दल साशंक राहा. नुसतं अंग चोळणं, हातपाय हलवून देणं यातून काम शिकलं जात नाही. मुलाने स्वतः हालचाल करावी लागते.

स्पर्श, आवाज, तोल अशा संवेदनांवर आधारित उपचारांचा उगम अमेरिकन व्यवसायोपचारतज्ज्ञ जीन एअर्स यांच्या कामात आहे. कपड्याचं लेबल टोचतं, गोंगाटात हात थांबतो, चिकट वस्तूला हात लावत नाही अशा मुलाचं नीट ऐकून घेणं गरजेचंच आहे. लेबल कापा, आवाज कमी करा, चिकट गोष्ट आधी चमच्याने हाताळू द्या. पण झोके, ब्रश आणि वजनदार जाकिटं यातच सगळी सत्रं जात असतील आणि तुमचं लिहिलेलं ध्येय हललेलंच नसेल, तर प्रश्न विचारायची वेळ झाली.

महागड्या खेळण्यांचंही तेच. बहुतेक लागणाऱ्या वस्तू घरात असतात. कात्री मात्र चांगली घ्या, डावखुऱ्यासाठी डावखुरीच. कापायला सुरुवातीला जाडसर कागदाची बोटभर रुंद पट्टी, एकदाच कचकन कापून तुकडा पडेल अशी. अंगठा वर, कोपर अंगाशी, आणि कागद दुसऱ्या हाताने फिरवायचा.

नोंद, बदल आणि थांबणं

तारीख, काम, मूल कुठल्या तुकड्यापर्यंत पोचलं, मदत किती. एका ओळीत मावतं. दर दोन आठवड्यांनी त्याच कामाचा, त्याच जागेवरून व्हिडिओ काढा. रोज पाहणाऱ्याला सुधारणा दिसत नाही, महिन्याच्या अंतराने ठेवलेले दोन व्हिडिओ पाहिले की दिसते.

तीन आठवडे एकाच तुकड्यावर अडलात तर मुलाला दोष देण्याआधी तुकडा आणखी लहान करा. त्यानेही हललं नाही तर थेरपिस्टना व्हिडिओ दाखवून बेत बदला. मूल रडतंय, सरावाचं नाव काढताच पळतंय, असं होत असेल तर आठवडाभर पूर्ण सुट्टी घ्या आणि त्याने निवडलेल्या कामापासून पुन्हा सुरुवात करा. येत असलेलं जाऊ लागलं तर मात्र ती सुट्टीची वेळ नाही, सरळ डॉक्टर.

शाळेला लांबलचक अहवाल देऊ नका, तो फाइलीत जातो. एका पानावर तीन ओळी द्या: पायाखाली आधार हवा, फळ्यावरून उतरवायला जास्त वेळ हवा, डबा उघडायला मदत न करता थांबा.

ध्येय पुरं झालं की थेरपी थांबवायला हरकत नाही. मूल पुढच्या वर्गात गेलं, लिहिणं वाढलं, सायकल आली, की नवं काम अडतं. तेव्हा पुन्हा सहा-आठ आठवड्यांसाठी जायचं. वर्षानुवर्षं आठवड्यातून दोनदा जाणं बहुतेक मुलांना लागत नाही. थांबल्यानंतर तीन महिन्यांनी एकदा, सकाळच्या घाईच्या वेळीच, हात मागे बांधून उभे राहा आणि ती तीन बटणं अजून तोच लावतोय का ते पाहा.